न दाखवता गेलेली माणसं

८ जानेवारी

ताई,

हे पत्र भाऊजींच्या हातून तुझ्याकडे येतंय, म्हणून त्यांना फैलावर घेऊ नकोस. मीच त्यांना गळ घातली. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडून देतेस. कागद मात्र फाडायचा म्हटला तरी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतलास की तू वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून येतो तो बारीक अक्षरातला कागदसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतेस.

तू का बोलत नाहीस ते एकदा लिहून काढते, म्हणजे निदान भांडण कशावरून आहे यावर तरी आपलं एकमत होईल. तुझ्या रुग्णालयाची, तू सांभाळतेस ती कॅज्युअल्टी बंद करून पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात मिसळून टाकायची की नाही, हे दोन्ही रुग्णालयं चालवणाऱ्या मंडळाला ठरवायचंय. त्यासाठी त्यांनी विद्यापीठातल्या आमच्या विभागाला अभ्यास करायला सांगितला. अभ्यास करणाऱ्यांच्या नावांत तुला माझं नाव दिसलं. त्या रविवारी जेवताना तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "म्हणजे आता तू मला मोजणार?" मी म्हटलं, तुला नाही गं, रांगेला. झालं. तू उठलीस आणि माझी पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवलीस. भाऊजी हातात भाताचा डाव घेऊन तसेच उभे.

त्याच्या आधीचाही एक राग आहे, तोही लिहिते. तुझ्याच रुग्णालयात मी रक्त तपासायला होते. ती जागा तू खटपट करून मला मिळवून दिली होतीस, आणि पस्तिशी उलटल्यावर मी ती सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. तुझं म्हणणं, मी पळाले. मी पळाले नाही. मला त्या कामाचा कंटाळा आला होता आणि मला गणित चांगलं येत होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींची मला लाज वाटत नाही.

भाऊजी लोकांना सांगतात की मेहुणी कॉम्प्युटरवर खेळायला शिकते. अगदीच खोटं नाही ते. जे प्रत्यक्षात करून बघणं परवडत नाही ते आम्ही कॉम्प्युटरमध्ये करून बघतो. पूर आणून बघतो, गर्दी लोटून बघतो, रुग्णालय बंद करून बघतो. पडद्यावर ठिपके फिरतात, आणि हो, एक ठिपका म्हणजे एक माणूस. यावरूनही तू मला ऐकवलं होतंस. पण तुझ्या वॉर्डातसुद्धा "चार नंबरचा ताप उतरला का" असंच विचारतात की. चार नंबर म्हणजे माणूसच असतो, ते तुलाही कळतं आणि मलाही.

पहिल्या सत्रात सरांनी आम्हाला कॅन्टीनची रांग बनवायला दिली होती. माझ्या कॅन्टीनमधले लोक आधी जेवून बाहेर पडायचे आणि मग ऑर्डर द्यायचे. वर्ग पोट धरून हसला. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्या मॉडेलमधली माणसं वेळच्या वेळी जेवतात, आणि या उन्हाळ्यात मला पदवी मिळेल. वर्गातल्या पोरांपेक्षा मी बारा-पंधरा वर्षांनी मोठी आहे. ती मला मावशी म्हणतात आणि अडलं की माझ्याकडेच येतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्याशिवाय कुणाला फुशारकी मारून दाखवावी असं मला वाटत नाही.

अहवाल एप्रिलअखेर मंडळापुढे जाईल. माझा प्रबंधही त्यावरच आहे. मी तुझ्या बाजूची नाही आणि तुझ्या विरुद्धही नाही. हे तुला आवडणार नाही, पण खोटं लिहून तुला खूश करायचं असतं तर त्या रविवारीच केलं असतं, निदान भात तरी मिळाला असता.

तुझी,
बारकी


१६ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींकडून कळलं की पत्र तू वाचलंस, दुसऱ्या दिवशी परत वाचलंस आणि मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिलंस. म्हणजे फाडलं नाहीस. मला एवढं पुरे आहे.

आता कामाचं सांगते. आम्ही वापरतोय ते मॉडेल माझं नाही. ते आमच्या प्रयोगशाळेचं वडिलोपार्जित आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सरांच्या पहिल्या विद्यार्थ्याने ते लिहिलं, मग प्रत्येक तुकडीने त्याला एकेक खोली जोडली, एकेक खिडकी पाडली. तो विद्यार्थी आता दूर कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आम्ही त्याला मूळपुरुष म्हणतो. त्याच्या कोडला सहसा कुणी हात लावत नाही. चालतंय ना, मग चालू द्या, असं सगळ्यांचं धोरण.

मी त्यात दोन्ही रुग्णालयांचे आकडे भरले. दिवसभरात किती येतात, कधी येतात, तपासायला किती वेळ लागतो, कुठल्या पाळीला किती डॉक्टर. मग तुझी कॅज्युअल्टी बंद केली आणि सगळे ठिपके पुलावरून पलीकडे पाठवले. उत्तर आलं की लोकांना सरासरी फक्त तीन-चार मिनिटं जास्त थांबावं लागेल. सरांनी कच्चा अहवाल तसा लिहून मंडळाकडे पाठवूनही दिला. विलीन करायला हरकत नाही, असं त्यात आहे. तुला रुग्णालयातून आज ना उद्या कळेलच, म्हणून माझ्याकडून आधी कळलेलं बरं.

मला ते उत्तर पटत नाही. तू माझी बहीण आहेस म्हणून नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. एका दारातली माणसं दुसऱ्या दारात लोटली, डॉक्टर तेवढेच ठेवले, आणि रांग जेमतेम हलली. असं कसं होईल? आपल्या घरी पाहुणे आले तर न्हाणीघरापुढची रांग दुप्पट व्हायची, हे शिकायला मला विद्यापीठात जावं लागलं नाही. पण नुसतं पटत नाही म्हणून चालत नाही. सर विचारतात, कुठे पटत नाही ते बोट ठेवून दाखवा. मला अजून बोट ठेवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात आकडे घ्यायला तुमच्या रुग्णालयात येऊन गेले. कार्यालयात गेले, फाटकानेच परतले. कॅज्युअल्टीच्या काचेतून तू दिसलीस, कुणाच्या तरी हाताला पट्टी गुंडाळत होतीस. मी आत आले नाही कारण बस होती. डोळ्यांतून पाणी आलं ते सर्दीमुळे. तुला न्यायला आलेल्या भाऊजींनी फाटकाशी मला पाहिलं असेल आणि काही वेगळं सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस.

बारकी


१४ मार्च

ताई,

बोट ठेवलं.

नीट बसून वाच, कारण हे मी तुला वर्गात शिकवल्यासारखं सांगणार आहे. आमच्याकडे दर शुक्रवारी दुपारी छळाचा तास असतो. हे नाव सरांनीच ठेवलंय. त्या तासाला प्रत्येकाने आपलं मॉडेल सगळ्यांसमोर चालवायचं आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यासारखे आकडे घालून छळायचं. पूल बांधला असशील तर त्यावर हत्तींचा कळप चढवतात. बाग केली असशील तर वर्षभर पाणीच तोडतात. मॉडेल भलं असेल तर ते वेड्या प्रश्नालाही शहाणं उत्तर देतं. पूल पडला पाहिजे, झाडं मेली पाहिजेत. पडली नाहीत तर समजायचं की आत काहीतरी सडलंय. माझं कॅन्टीन असंच उघडं पडलं होतं.

पण मूळपुरुषाचं मॉडेल त्या तासाला कधी आलंच नव्हतं. आमच्या विभागाचं ते भूषण, सरांच्या घरचं. पाहुण्यांसमोर आजोबांना उठाबशा काढायला कोण सांगणार? मी सांगितलं. शुक्रवारी माझी पाळी आली तेव्हा मी तेच लावलं, आणि दुसऱ्या कुणी काही सुचवायच्या आत डॉक्टरांच्या जागी शून्य लिहिलं. दोन्ही रुग्णालयं एक, सगळे रुग्ण एका दारात, आणि डॉक्टर एकही नाही.

पडद्यावर ठिपके आले, बाकांवर बसले, थोड्या वेळाने उठून गेले. खाली उत्तर आलं. सरासरी थांबण्याचा वेळ, शून्य मिनिटं.

म्हणजे एकही डॉक्टर नसेल तर कुणालाच थांबावं लागत नाही. ताई, जगात याहून चांगली कॅज्युअल्टी नाही. पोरं हसली, त्यांना वाटलं मावशीने भलत्या चौकटीत आकडा घातला. सर हसले नाहीत. ते पुढे झाले, म्हणाले, "पुन्हा चालवा." मी पुन्हा चालवलं. पुन्हा शून्य. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि तास संपायच्या आधीच निघून गेले. असं ते कधी करत नाहीत.

मग दोन दिवस मी कोड उघडून बसले. कुठे काय आहे ते आता तुला तोंडपाठ सांगू शकते. प्रत्येक ठिपक्याला धीर दिलेला आहे, म्हणजे तो किती वेळ बसेल आणि मग कंटाळून उठेल. उठला की तो पडद्यावरून जातो आणि हिशेबातूनही जातो. सरासरी काढतात ती फक्त डॉक्टरपर्यंत पोचलेल्यांची. त्यामुळे रांग वाढली की लोक उठून जातात, लोक गेले की रांग कमी होते, आणि मॉडेल म्हणतं, बघा, छान चाललंय. जितकी जास्त माणसं डॉक्टरला न दाखवता जातील तितकं ते खूश. आणि कुणीच डॉक्टरपर्यंत पोचला नाही तर भागाकार अडून बसू नये, म्हणून मूळपुरुषाने एक ओळ लिहून ठेवलीय, की अशा वेळी उत्तर शून्य धरावं.

त्याने असं का केलं, तेही सापडलं. कोडच्या अगदी तळाशी, जिथे कुणी जात नाही, तिथे ठिपक्यांना अजून खातेदार म्हटलेलं आहे आणि डॉक्टरांना खिडकी. हे मॉडेल आधी एका बँकेसाठी केलं होतं. नंतर वरवरची नावं बदलून त्याचं रुग्णालय केलं. बँकेत कंटाळून उठलेला माणूस उद्या येतो, बँकेचं काही अडत नाही. म्हणून त्याला मोजायची तिथे गरज नव्हती. गाढवपणा म्हणावा तर तसाही नाही. त्याच्या जागी ते बरोबर होतं. पुढे इतक्या तुकड्यांनी त्याला रंगरंगोटी केली आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे आजारी लोक उठून जातात कुठे.

मला वाटलं. तू आत्ता तोंड वाकडं करून "मोठी आली" म्हणशील, म्हण.

बारकी


२१ मार्च

ताई,

सरांनी बोलावलं होतं. आधी हे सांगते की सर वाईट नाहीत. ते वेळेवर येतात, प्रत्येकाच्या प्रबंधाचं पानन् पान वाचतात आणि तांबड्या शाईने कधी लिहीत नाहीत, कारण म्हणे त्यांना लहानपणी तिची भीती वाटायची. त्यांनी मला खुर्ची दिली.

मग ते सांगायला लागले. कच्चा अहवाल मंडळाकडे गेलाय. तो परत घ्यायचा तर विभागाची शोभा होईल, आणि ज्या ज्या ठिकाणी हे मॉडेल वापरलं गेलं तिथे तिथे लोक विचारायला लागतील. माझा प्रबंध नव्याने लिहावा लागेल. एप्रिलच्या आत ते जमलं नाही तर उन्हाळ्यातली पदवी पुढे ढकलली जाईल, आणि विद्यापीठाच्या नियमात माझी मुदत पुढे वाढतेच असं नाही. त्यांनी एक वाटही सुचवली. हा दोष मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात, पुढे करायच्या कामांत नोंदवावा. पदवी घ्यावी. सुधारणा पुढची तुकडी करील.

मी म्हटलं, सर, पुढची तुकडी येईपर्यंत कॅज्युअल्टी बंद झालेली असेल.

ते म्हणाले, "तुमची बहीण तिथे आहे ना?"

मला हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत होतं, त्यामुळे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "आहे. आणि ती माझ्याशी बोलत नाही. शून्य डॉक्टरला शून्य मिनिटं येतात, त्यात माझ्या बहिणीचा काही हात नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, तिचा आवाज येत होता. मग सर म्हणाले, "मी ते मॉडेल छळाच्या तासाला कधी आणलं नाही. घरचं म्हणून." एवढंच. आणि माझ्यासमोर त्यांनी मंडळाला ईमेल लिहिली की अहवाल परत घेत आहोत, मॉडेलमध्ये गंभीर चूक आहे, दुरुस्त अहवाल ठरल्या दिवशीच मिळेल, आणि तो माझी विद्यार्थिनी मांडेल. पाठवायच्या आधी मला वाचायला दिली. मी एक स्वल्पविराम सुचवला, तो त्यांनी घातला.

आता माझ्यापुढे जेमतेम महिना आहे. पदवीचं काय होईल ते बघू. मी घाबरलेली नाही. तू विचारलं असतंस तर थोडी घाबरले म्हणून सांगितलं असतं, पण तू विचारत नाहीस, त्यामुळे नाही.

बारकी


१९ एप्रिल

ताई,

काल भाऊजींचा फोन आला. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं की घरात हवा बदललीय. मॉडेल चुकलं होतं आणि अहवाल परत घेतला, ही बातमी तुमच्या रुग्णालयात पोचली म्हणे. तू वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटलीस की चूक माझ्या बहिणीने पकडली. भाजी फोडणीला टाकताना गुणगुणत होतीस म्हणे. भाऊजी म्हणाले, आता फोन कर, उचलेल.

मी केला नाही. त्याआधी तुला हे वाचायला हवं. वाचून झाल्यावर फोन उचलावासा वाटला तर बघ.

मॉडेल मी नव्याने बांधलं. न दाखवता गेलेला प्रत्येक जण आता मोजला जातो. त्यासाठी दोन्ही रुग्णालयांच्या कॉम्प्युटरमधून मी खऱ्या नोंदी घेतल्या, म्हणजे केसपेपर काढला पण डॉक्टरपर्यंत पोचलेच नाहीत, अशांच्या. मग मॉडेलला सगळ्या वर्गाकडून छळून घेतलं. शून्य डॉक्टर दिले तर आता ते म्हणतं, सगळे न दाखवता गेले. दोन्ही कॅज्युअल्टी एक केल्या तर शंभरातले सोळा जण डॉक्टरला न दाखवता घरी जातील. हे मी मंडळापुढे ठणकावून सांगणार आहे.

पण त्या सोळाला अर्थ यायचा तर आज किती जातात ते शेजारी लिहावं लागतं. मोठ्या रुग्णालयातून आज शंभरातले सात जातात. आणि तुझ्या दारातून, ताई, पाच.

तू आयुष्यभर सांगत आलीस की माझ्या दारातून कुणी न दाखवता जात नाही. नव्या नर्सेसना पहिल्या दिवशी तू हेच वाक्य ऐकवतेस, मलाही ऐकवलं होतंस. तू खोटं बोलत नव्हतीस. तुझ्या समोरून कुणी जात नाही, हे मी स्वतः पाहिलंय. जातात ते बहुतेक सगळे पाळी बदलताना जातात, जेव्हा तू आत उभी राहून पुढच्या पाळीला एकेक खाट समजावून देत असतेस आणि बाहेरच्या बाकांकडे कुणाचंच लक्ष नसतं. पडद्यावर ते स्पष्ट दिसतं. दुपार कलली की बाकावरचे ठिपके उठायला लागतात.

सर म्हणाले, मंडळाने आजचा आकडा मागितलेला नाही, नुसता विलीनीकरणाचा दिला तरी चालेल. मीही एक दुपारभर तो विचार केला, देवाशपथ केला. तुला तो आकडा भर सभेत ऐकावा लागेल, तुझ्या हाताखालच्या मुलींसमोर. पण मूळपुरुषाने जे केलं तेच मी केलं असतं. त्याने गेलेली माणसं सोडून दिली कारण ती मोजायची गरज वाटली नाही. मी सोडली असती कारण ती माझ्या बहिणीच्या दारातून गेली. त्या माणसांना दोन्ही सारखंच.

म्हणून तक्ता पूर्ण जाणार आहे. तुला आधी कळावं एवढंच मला करता येण्यासारखं होतं. तू पुन्हा गप्प बसलीस तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि या वेळी मी सर्दीचं नाव सांगणार नाही. पण आकडा बदलणार नाही.

तुझी,
बारकी


२९ एप्रिल

ताई,

काल तू तिसऱ्या ओळीत बसली होतीस, गणवेशात, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी बोलताना एकदाच तुझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही, नाहीतर माझी जीभ अडखळली असती. ती अडखळली नाही. माझं सादरीकरण फक्कड झालं, हे सर म्हणाले आणि मलाही माहीत होतं.

पुढचं तू पाहिलंसच, तरी मी लिहिते, कारण तुझ्या बाजूने ते कसं दिसलं ते मला कळलेलं नाही आणि माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला. सोळाचा आकडा आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. पाचाचा आला तेव्हा सगळे तुझ्याकडे वळले. अध्यक्षांनी विचारलं, कॅज्युअल्टीच्या इन-चार्ज सिस्टरना हा आकडा मान्य आहे का. तुझ्या शेजारची मुलगी तुझ्या वतीने काहीतरी बोलायला उठत होती, तू तिला हाताने खाली बसवलंस. उभी राहिलीस. मला वाटलं, आता माझी पिशवी सभागृहाच्या दाराबाहेर.

तू म्हणालीस, "मी बघितलेलं नाही. पण तिने बघितलंय, तर असेल."

आणि बसलीस. ताई, पदवीचं प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मिळो, मला जे मिळायचं होतं ते काल त्या वाक्यात मिळालं.

मंडळाने ठरवलं ते तुला माहीत आहे. विलीनीकरण रद्द. तुझी कॅज्युअल्टी राहते. वर्षभरात पाळी बदलतानाची गळती कमी करून दाखवायची, ते तुझ्याकडे सोपवलंय. माझी तोंडी परीक्षा जूनमध्येच ठरली, सरांनी विद्यापीठात जाऊन स्वतः भांडून तारीख आणली. पुढच्या वर्षीपासून घरची मॉडेलं सगळ्यात आधी छळायची, असंही त्यांनी वर्गात जाहीर केलंय.

पण सभा संपल्यावर मी कागद गोळा करून बाहेर आले तेव्हा तू गेलेली होतीस. भाऊजी मोटारीपाशी उभे होते, ते म्हणाले, ती चालत गेली, म्हणाली एकटीला जाऊ दे. म्हणजे तू रागावलीस, की दमलीस, की रडलीस, यातलं काही मला ठाऊक नाही. याचं मॉडेल मला येत नाही. सांगशील तेव्हा कळेल.

तुझी,
बारकी


६ मे

बारके,

मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही आणि वेळही नाही. तुझी पत्रं मिळाली. सगळी आहेत.

त्या दिवशी रागावले होते. तुझ्यावर नाही.

परवा माझी सुट्टी होती. साधे कपडे घातले आणि पाळी बदलायच्या वेळेला बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाळीच्या गडबडीत नव्या मुलींनी ओळखलंसुद्धा नाही. माझ्यादेखत तीन जण उठले. एक म्हातारे गृहस्थ होते, छातीत जडपणा वाटतोय म्हणाले, पण कुणी विचारत नाही म्हणून घरी निघाले होते. त्यांना हाताला धरून आत नेलं. ते आता वर दाखल आहेत, बरे आहेत. एक बाई लेकराला कडेवर घेऊन निघाली होती, त्याच्या कानात मणी अडकला होता. तिला फाटकातून हाक मारून परत आणलं. तिसरा तरुण मुलगा होता, हात छातीशी धरून बसला होता. त्या बाईच्या मागे मी गेले तेवढ्यात तो मागच्या जिन्याने उतरून गेला. त्याचं काय झालं मला माहीत नाही. जेवताना मला तोच आठवतो.

मंडळ एक नर्स जास्त देणार आहे, पण ती जुलैत येणार. तोवर तुझं कॉलेज दुपारी सुटत असेल तर ये. कागदबिगद आणू नकोस. तिथे बसून नुसतं मोजायचंही नाही. कुणी उठलं की उठून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मला हाक मारायची, मी आत असले तरी येते. तुझा डबा मी आणीन.

पुढच्या दाराशी मी बसते. मागच्या जिन्यापाशी तू बस. मला एकटीला दोन दारं सांभाळता येत नाहीत.

ताई